त्यांना पावणं म्हणू नकोस

विद्या, आपलं भांडण मिटलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. माणूस गेलं की त्याच्याशी असलेलं भांडण आपोआप मिटतं असं सगळे धरून चालतात. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी दोघी-तिघींनी मला तसं सुचवूनही पाहिलं. "आक्का, आता कशाला मनात ठेवायचं?" मी म्हटलं, "का न्हाय ठेवायचं? ती गेली म्हणून माझं खरं हुतं ते खोटं व्हतंय का?" त्या गप्प बसल्या. तू असतीस तर गप्प बसली नसतीस, आणि मला तेच जड जातं आहे.

राजारामपुरीत तुझं झेरॉक्सचं दुकान माझ्या गादी-बिछायतीच्या दुकानाला लागून. तुझं शटर बंद आहे, तुझं पान मात्र चालूच आहे. फोनवरचं ते 'पावणं' नावाचं पान. फुटपाथवर, स्टँडवर, देवळाच्या पायरीवर झोपणाऱ्यांची आज कुठं सोय आहे, जेवण कुठं मिळेल, दवाखान्यात कोण नेईल, हे तू रोज सकाळी तिथं लिहायचीस. खाली मग जगभरच्या बातम्या. कुठल्या शहरानं बेघर माणसांसाठी काय केलं, कुठं लोकांनी मिळून घरं उभी केली. तू गेलीस त्या सकाळची ओळ आत्ताआत्तापर्यंत सगळ्यांत वर होती: 'मुक्काम: लग्नाच्या हॉलची मागची जेवणाची खोली. दिवस मावळल्यावर या.' ती खोली तू गेल्यावर लगेच बंद झाली, पण रिक्षावाले पान बघून माणसं तिथं आणून सोडत राहिले. एक म्हातारी भर पावसात त्या बंद दाराला पाठ लावून बसलेली मी स्वतः पाहिली. तिला वाटत होतं, आपण लवकर आलो.

आणि पंचगंगा चढते आहे. मागच्या पुरात काय झालं ते तुला आठवतं. छावणीच्या दारातल्या माणसानं आपल्या या बेघर लोकांना विचारलं होतं, "घर कुठल्या गल्लीत बुडालं?" ज्याला घरच नाही त्याचं काय बुडणार? ज्यांचं घर गेलं ते आत गेले, ज्यांना नव्हतंच ते बाहेर राहिले. या वेळी तू नाहीस, आणि पाणी मात्र तेवढंच येणार असं दिसतं.

तू पहिल्यांदा दुकानात आलीस तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी तुला हाकलणार होते.

"आक्का, पांघरायला वाकळा पायजेत. जुन्या चालतील."

"जुन्या कशापायी? नव्या हायत की."

"पावण्यांसाठी पायजेत ओ."

"पावण्यास्नी जुन्या वाकळा देतीस? कुठल्या घरातली गं तू? लाज न्हाय वाटत?"

तू काउंटरला धरून हसलीस. तुझं हसू थांबेना तशी मी अजूनच चिडले. मग तू फोन काढून ते पान दाखवलंस. स्टँडवर झोपलेल्या माणसांचे फोटो, आणि वर नाव 'पावणं'. कोल्हापुरात अनोळखी माणसाला आपण पावणं म्हणतो, मग यांना भिकारी कशाला म्हणायचं, असं तुझं म्हणणं. मी म्हटलं, शब्द चुकला आहे तुझा. पावणा चार दिवस राहतो आणि आपल्या घरी जातो. यांनी कुठं जायचं? तू म्हणालीस, "वाकळा द्या आधी, मग भांडू."

त्या दिवशी मी घासाघीस केलीच नाही असं तू नंतर सगळ्यांना सांगायचीस. साफ खोटं. मी चांगली ताणून धरली होती. शेवटी तू उठून रस्त्यापर्यंत गेलीस आणि मी हाक मारली, हे खरं. पण उठून जाणं हा माझा डाव आहे. तो तू माझ्यावरच वापरलास, म्हणून मला तू आवडलीस.

नंतर रोज दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की तू पिंजणीच्या मशीनजवळच्या खुर्चीत येऊन बसायचीस आणि मला बातम्या वाचून दाखवायचीस. परदेशात कुठंतरी म्हणे आधी घर देतात. दारू सुटली का, कामाला जातो का, हे नंतर बघतात. मी उखडायचे. "आदी घर? मला कुणी दिलंतं आदी घर? मी आदी काम केलं, मग खोली घेतली." तू म्हणायचीस, "तुमी करू शकला आक्का, म्हणून सगळ्यांनी तसंच करायचं व्हय? जे मेलं त्यांची बातमी तुमच्यापतूर येत न्हाय." मी म्हणायचे, "मर तिकडं." आता हे लिहिताना हात थांबला. पण म्हणायचे हे खरं आहे, आणि तू त्यावर चहा सांगायचीस हेही खरं आहे.

मग तो शंकर नावाचा म्हातारा. स्टँडवर उसाच्या रसाच्या गुऱ्हाळामागं झोपायचा. तू त्याचा फोटो पानावर टाकलास आणि खाली कुणीतरी लिहिलं, 'हे आमच्या गावचे. शाहूवाडीकडचे.' तू नाचत माझ्याकडं आलीस. फोनमुळं एका माणसाचं घर सापडलं! मी त्याच भागातली, रस्ता मला ठाऊक, म्हणून मलाही ओढलंस. आपण तिघं एसटीनं गेलो, पुढं बांधाबांधानं चालत. भाताची लावण चालू होती. म्हातारा पुढं, आपण मागं. त्याला कुणी वाट सांगावी लागली नाही.

सून दारात आली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तिनं त्याला ओळखलं, हे तुलाही दिसलं आणि मलाही. तिनं काही आरडाओरडा केला नाही. पायावर घ्यायला पाणी दिलं, सोप्यात घोंगडं टाकलं आणि सासऱ्याला म्हणाली,

"बसा पावणं. च्या ठेवती."

मामा नाही, आबा नाही. पावणं.

म्हातारा घोंगड्यावर टेकला नाही. अंगणातच उभ्या-उभ्या त्यानं चहा प्याला. पोरगा समोरच्या वावरात चिखलात उभा होता, तो वाकला तो वर बघेना. कप खाली ठेवून म्हातारा आपल्याला म्हणाला, "चला बायांनो, यष्टी चुकंल." कुणी त्याला जा म्हटलं नाही. त्याच्या स्वतःच्या घरात त्याचं आदरातिथ्य झालं आणि तो निघाला.

परतीच्या एसटीत तू खिडकीकडं तोंड करून बसली होतीस. मी मुद्दाम बोलले. गप्प बसणं मला जमत नाही.

"बगितलंस? ह्योच तुझा शब्द. माणसाला घालवायचं असलं की असंच गोड बोलत्यात. पानाचं नाव बदल."

"आक्का, बसा म्हणायलाबी त्योच शब्द लागतोय की."

"पण पावण्याला परत जायला घर असतंय. ह्यास्नी कुठलं? त्याचं उत्तर दे."

"सांगती की. इचार करून सांगती."

ते उत्तर तू दिलं नाहीस. तो म्हातारा त्याच पावसाळ्यात स्टँडवरून दिसेनासा झाला. तू त्याचा फोटो पुन्हापुन्हा पानावर टाकत राहिलीस, आणि खाली या वेळी कुणीच काही लिहिलं नाही.

त्याच एसटीत, मलकापूर मागं पडल्यावर, मी तुला माझं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. बाहेर पाऊस होता, तू रडवेली होतीस, तुला काहीतरी द्यावंसं वाटलं असेल. सासरच्यांनी बाहेर काढल्यावर मी कोल्हापूरच्या स्टँडवर बायकांच्या खोलीत झोपून दिवसा कापूस पिंजायला जात होते. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. माझ्या लेकीलाही नाही. तू माझा हात धरलास आणि कोल्हापूर येईपर्यंत सोडला नाहीस. त्या धरण्याबद्दल मी तुझी आजन्म ऋणी आहे.

आणि आठवडा जायच्या आत तू ते पानावर लिहिलंस! 'आमच्या शेजारच्या बिछायतवाल्या आक्कासुद्धा एके काळी पावणंच होत्या. आज त्यांच्या गाद्यांवर अख्खं कोल्हापूर झोपतं.' फोटोसह. माझ्याच दुकानात, माझ्याच नकळत काढलेला.

मी तुझ्या दुकानात आले तेव्हा तू तीन गिऱ्हाइकांसमोर होतीस. मला त्याची पर्वा नव्हती.

"कुणाला इचारून लिवलंस?"

"आक्का, लाज कसली त्यात? किती जणांनी वाचून वाकळा धाडल्यात बगा तरी."

"वाकळा मागायच्या हुत्यास, दिल्या असत्या. माझी गोष्ट का उचललीस? ती माझी हाय. कुणाला सांगायची ते मी ठरीवणार."

"तुमच्याकडं बगून दुसरं कोनतर उभं राहील की, आक्का."

"माझ्याकडं बगायचं तर आत्ताचं बगा म्हनावं."

काढते म्हणालीस, काढलं नाहीस. ज्यानं कधी बाजार केला नाही त्याला हे कळायचं नाही. भाव करताना समोरच्याला आपली पडकी बाजू दिसली की आपण संपलो. पुढच्या लग्नसराईत एका जाड्या वरबापानं गाद्यांचं भाडं पाडून मागताना मला ऐकवलं, "आक्का, तुमी सोता स्टँडावर दिवस काढलायसा. तुमाला गरिबाची कणव पायजे की." बोटात तीन अंगठ्या होत्या त्याच्या. त्या दिवशी मी तुमच्या फोनवरच्या ग्रुपमधून बाहेर पडले, कुठं कुणी पडलेलं कळलं की ज्याची पाळी त्यानं धावायचं, त्या.

आपण बोलत होतो. शटर वर ओढायला तू मला हात द्यायचीस, मी तुला डब्यातलं द्यायचे. पण ग्रुपमध्ये तू मला पुन्हा घेतलं नाहीस. मी मागितलं नाही आणि तू विचारलं नाहीस. हटाला तूही माझ्यापेक्षा कमी नव्हतीस.

त्या दुपारचं आता लिहिते. मला सगळं नंतर तुझ्या फोनवर वाचायला मिळालं.

तू दोन वाकळा घेऊन निघाली होतीस. वाटेत बरं वाटेना म्हणून आपल्या दुकानांपलीकडच्या बसथांब्याच्या बाकावर आडवी झालीस, आणि पावसाची झड आत येत होती म्हणून त्यातलीच एक डोक्यावरून ओढून घेतलीस. तुमच्या ग्रुपमधला एक रिक्षावाला समोरून जात होता. त्याच्या रिक्षात पॅसेंजर होता, म्हणून तो थांबला नाही. पण माणूस चांगला, त्यानं लांबून फोटो काढून टाकला: 'पावणं पडलंय. थांब्यावर. कुणीतर बगा.'

खाली एकानं विचारलं, आज पाळी कुणाची? दुसऱ्यानं लिहिलं, विद्याताईंची. तिसऱ्यानं लिहिलं, मग झालं. मग जोडलेले हात, एकाखाली एक. एकानं तुला फोनही केला. तो त्या वाकळेखालीच वाजला असणार. तू उचलला नाहीस, तर त्यानं लिहिलं, 'ताई वाटेत असतील.'

शेवटी केळीवाली बाई थांब्याच्या आत आली, तिनं तोंडावरचं पांघरूण बाजूला केलं आणि ओरडली, "अगं बया, ही तर आपली झेरॉक्सवाली!" तिचं ओरडणं मला दुकानात ऐकू आलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, 'जरा आधी आणलं असतं तर.'

मी ग्रुपमध्ये असते तर गेले असते. पाळी कुणाची ते मी कधीच बघत नव्हते, शिव्या देत का होईना जात होते. ही माझी दुसरी तक्रार, आणि ही पहिलीपेक्षा मोठी आहे. त्या रिक्षावाल्यानं 'बाई पडलीय' असं लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, कोण बाई? पावणं म्हटल्यावर कोण ते कुणी विचारत नाही. वाद मी जिंकले, विद्या. मला तो असा जिंकायचा नव्हता.

तुझ्या बातमीखाली लोकांनी काय लिहिलं ते तू वाचलं नाहीस हे बरं. बरेच रडले. पण एकानं लिहिलं, 'आता तरी स्टँड मोकळा होईल,' आणि त्याला पसंतीचा अंगठा देणाऱ्यांत आपल्याच गल्लीतली नावं होती. रोज माझ्याशी हसून बोलणारी. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं वेगळ्या नजरेनं बघते.

ते वाचून तुझा भाऊ जयसिंगपूरहून आला. सुहासचा चेहरा बघवत नव्हता. तुझा फोन त्याच्या हातात होता.

"आक्का, मी हे पान बंद करणार. माझी भन ह्याच्यापायी गेली."

"कर की. पण आत्ता न्हाय. पाणी उतरू दे. ते वाचून माणसं बंद दारात चालल्यात, तेवढी ओळ तर बदलू दे."

"तुमी का मधी पडायलाय? तुमचं तर तिच्याशी पटत नव्हतं."

"पटत नव्हतं म्हणूनच. पटणारी सगळी हात जोडून बसल्यात."

त्यानं बोटानं ते पान एकदा वर-खाली सरकवून पाहिलं. मग फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "पाणी उतरलं की मी न्हेणार." असा सौदा झाला. मी पहिल्यांदा तुझी ती ओळ पुसली. 'खोली बंद आहे' असं एका बोटानं लिहिलं. मग 'इकडे या' म्हणून पुढं काय लिहायचं ते मला सुचेना. तू रोज सकाळी ते कुठून आणायचीस?

म्हणून हॉलच्या सेक्रेटरीकडं गेले. तुला मागच्या दारानं आत सोडणारा तोच तो गोड माणूस. हॉलमधल्या सगळ्या गाद्या बारमाही माझ्याकडून भाड्यानं घेतलेल्या, हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं.

"आक्का, पुराची माणसं येणार. हॉल त्यास्नी द्यायचा हाय."

"ती आजून आल्याली न्हाईत. तवर?"

"तवर बंद. ह्या लोकांचा पत्ता न्हाय, काय न्हाय. उद्या कुणाला काय झालं तर कळवायचं कुणाला? विद्याबाईंचं नाव हुतं तवर ठीक हुतं."

"मग माझ्या गाद्या द्या. टेंपो भाईर उभा हाय."

त्याचा रंग उतरला. "पुरातल्या माणसांच्या अंगाखालच्या गाद्या काढणार तुमी?"

"काढणार."

"विद्याबाईंनी असली धमकी कधी दिली न्हाय."

"म्हणून तर तुमी तिला कायम मागच्या दारानं घेतलं."

तू तिथं असतीस तर माझा दंड धरून मला बाहेर ओढलं असतंस. मला ठाऊक आहे. पण तुझ्या गोड बोलण्यानं जेवढं मिळत होतं तेवढं तुझ्याबरोबर गेलं, आणि मला दुसरी भाषा येत नाही. अर्ध्या गाद्या टेंपोत चढल्यावर तो खाली आला. खोली मिळाली. अटी दोन. एक, जबाबदार माणसानं मुक्कामाला तिथं राहायचं, नाव-पत्त्यासकट. दुसरी, पुराची माणसं आली की आपल्यांनी लगेच बाहेर व्हायचं. मी दोन्हीला व्हय म्हटलं. पानावर 'खोली उघडली' असं लिहिलं आणि तुझा नंबर काढून माझा टाकला. तुझ्या फोनवरून केलं, माझा फोन लगेच वाजायला लागला.

आज संध्याकाळपासून मी तिथं राहते आहे. स्टँड सुटल्यावर परक्या छताखाली झोपणार नाही असं मी ठरवलं होतं, ते मोडलं. दारात प्रत्येकाला नाव विचारते. एकजण म्हणाला, "तुला काय करायचंय गं थेरडे माझ्या नावाशी?" मी म्हटलं, "तू मेलास तर बोंबलायला पायजे, म्हणून." मग त्यानं सांगितलं. दारात बसलेली ती म्हातारी सगळ्यांत कोपऱ्यात झोपली आहे. तिनं माझ्याच गादीला माझ्याचसमोर नाव ठेवलं, कापूस गोळा झालाय म्हणून.

दुसऱ्या अटीचं मी त्यांना सांगितलेलं नाही.

सेक्रेटरीचा निरोप आला आहे, नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसं हलवायला घेतलीत. म्हणजे उद्या, नाहीतर परवा, भिजलेली पोरं कडेवर घेऊन बायका या दारात उभ्या राहतील. त्यांचंही खरंच असणार. मी आयुष्यभर सौदे केले, पण समोरचा खोटा आहे किंवा लबाड आहे असं धरूनच केले. दोन्ही बाजू खऱ्या असल्या तर कसं बोलायचं ते मला माहीत नाही. तुला कदाचित माहीत असेल. आत ही माणसं झोपली आहेत, बाहेर पावसाचा आवाज वाढला आहे, आणि दाराची किल्ली त्यानं माझ्या नावावर सही घेऊन माझ्या हातात दिली आहे.